तिसऱ्या सिलिंडरची टकटक

भुईमुगाची चाळीस पोती लोहाऱ्याहून उस्मानाबादच्या आडतीवर टाकून यायची, एवढंच काम होतं. तुमी आता धाराशिव म्हणताय, तवा निजामाच्या कागदावर उस्मानाबाद. साल सेहेचाळीस. मार्गशीर्षातली अवस, आन् वार सोमवार. सोमवारी आमच्यात बैलाच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. लॉरीला कुठला आलाय वार.

लॉरी माणिकप्पा आडत्यांची, आन् चालवणारा माझा सख्खा मामा, गुरुलिंग. त्यानं सोताच्या तोंडानं मला सांगितलं, तसंच सांगतो. मधी बोलू नका.

मामाच्या आधी आठ वर्सं ती लॉरी लालमहंमद चालवायचा आन् मामा त्याच्या हाताखाली. लालमहंमदचा कान म्हणजे कान. इंजिन चालू ठेवून स्क्रू पिळायच्या पेचकसाचं टोक त्याला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आन् डोळे मिटून सांगायचा, "दुसऱ्या सिलिंडरचा वॉल्व्ह बोलतोय." खोललं की तसंच निघायचं. मामानं बी चोरून कान लावून बघितला. त्याला नुसता गोंगाट ऐकू यायचा. ते त्याला लई सलायचं. रातीला झोप यायची न्हाय, म्हणायचा.

आश्विनात लालमहंमद तापानं गेला. आदल्या दिवशी मामाचा हात धरून म्हणाला, "गुरुलिंग, तेलाच्या दाबाचा काटा पडाय लागलाय. आतलं बेअरिंग झिजलंय. टकटक आली की गाडी हलवू नको. मालकाला सांग."

मामानं मालकाला सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर माणिकप्पा म्हणले असते, बघा, मरताना बी त्याला गाडीचं कळत होतं. तेवढं ऐकून घ्यायची मामाची तयारी नव्हती. त्यानं गुपचूप जाड तेल ओतलं. काटा वर आला. दुखणं आत तसंच.

लॉरी मामाकडं आली, पण मालकाच्या तोंडी एकच. "लालमहंमद असता तर." मेलेल्या माणसाशी बरोबरी कशी करायची, सांगा. तो तर आता चुकत बी न्हाय.

त्या दिवशी लोहारा सोडलं तवा दिवस मावळला होता. सोबत कुणी न्हाय. नऊच्या सुमाराला रस्ता असा, की मैलभरात दिवा दिसंना. काटा चाळीसवरनं तिसावर आला. मग वीस. मग आतनं आवाज... टक. टक. टक.

थांबायला पायजे, हे मामाला कळलं. पण थांबला तर लालमहंमद खरा ठरतो. त्यानं पाय दाबला. टकटक वाढली, हातातल्या चाकापर्यंत हादरा येऊ लागला. काटा दहावर. मग तळाला.

मामानं इंजिन बंद केलं.

टकटक बंद झाली न्हाय.

टक... टक... टक.

त्यानं कंदील लावला, बॉनेट उघडलं. पंखा जागच्या जागी. पट्टा हलंना. आन् आतनं आवाज. टक... टक... मामानं पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली. जन्मात पहिल्यांदा त्याला नीट ऐकू आलं.

आत कुणीतरी श्वास घेत होतं.

मग, अगदी कानात, "तिसऱ्याचं गेलंय."

आता माणसाचं मन बघा. भीतीच्या आधी त्याला राग आला. म्हणाला, "मला बी कळलं असतं."

आतनं नुसती टक... टक.

"गाडी माझी हाय आता," मामा म्हणाला.

"हट जरा," आवाज आला. "बाजूला हो."

मामा बाजूला झाला. बाभळीखाली पाठ करून बसला, डोक्यावरनं घोंगडी घेतली. पाना ठेवल्याचा आवाज. नट फिरल्याचा. मधी खोकला... कोरडा. वळखीचा. वळून बघावं... न्हाय बघितलं. शुक्राची चांदणी उगवली. मग काहीच न्हाय.

पहाटं हँडल मारलं. एका फेऱ्यात इंजिन लागलं. काटा चाळीसवर. टकटक न्हाय.

उस्मानाबादेत पोती उतरली आन् मामा सरळ बिराप्पा मिस्त्रीकडं गेला. आत काय झालंय हे त्याला डोळ्यानं बघायचं होतं. इंजिनाच्या बुडाचा तेलाचा चेंबर खोलायला लावला. बिराप्पा गाडीखाली शिरला नि म्हणाला, "ह्या नटांवरचा चिखल वर्सभराचा हाय. पाना लागलेलाच न्हाय."

चेंबर उतरला. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग वितळून गेलेलं. त्याच्या जागी कातड्याची पट्टी. अडीनडीला, वाटेत काहीच मिळंना तवा, जुने मोटारवाले असं करायचे. पण ही पट्टी अशी बसवलेली की केसाची फट न्हाय. बिराप्पानं ती काढून उजेडात धरली. कितीतरी वेळ बघत राहिला.

"काय हात हाय," म्हणाला. "कुणी बसवली?"

मामा म्हणाला, "म्या."

गोष्ट लोहाऱ्याला पोचली. माणिकप्पांनी चारचौघात मामाच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "गुरुलिंग लालमहंमदच्या तोडीचा निघाला." मामा सांगायचा, वर्सानुवर्सं ह्या शब्दाची वाट बघितली, आन् कानावर आला तवा गोड लागला न्हाय. तोडीचा म्हणजे काय? मोजायला बी तोच.

पुढं मामानं शेती केली. लॉरीला हात लावला न्हाय. ती पट्टी तेवढी बिराप्पाकडनं मागून आणली, पत्र्याच्या डबीत ठेवली. कुणाला दावली न्हाय, मामीला बी न्हाय. मामाला माती दिली, त्याच्या चौथ्या दिवशी शांतम्मामामीनं डबी माझ्या हातात दिली. म्या झाकण काढलं. आत पट्टी. एवढ्या वर्सांत वाळून लाकूड व्हायला पायजे होती.

म्या बोट लावलं...

गरम होती.