सवाष्णीचं पान

गाडी अक्षय तृतीयेलाच घ्यायची, हे मंजुषानं दिवाळीत ठरवून टाकलं होतं. माझं सावंगीत किराणा दुकान आहे. दुकानात माझं चालतं. घरात मला विचारतात, पण सगळं ठरल्यावर. त्या सकाळी आईनं पितरांची पानं वाढली, आमच्या सहा वर्षांच्या सुरभीला जवळ ठेवून घेतलं आणि म्हणाली, "जा भूपेंद्र, नवी गाडी घेऊन दोघं फिरून या. दिवे लागायच्या आत येजा."

हिंगणीच्या पुढं, बोर धरणाच्या पाण्याला धरून जाणाऱ्या रस्त्यानं आम्ही रमतगमत निघालो. मोहाची फुलं झडून गेली होती, तरी झाडांखाली तो गोडसर वास रेंगाळत होता. पाण्यावरून वारा येत होता. मंजुषानं पट्टा बांधला नव्हता. नवी साडी चुरगळते म्हणे. सीटवर माणूस आहे आणि पट्टा नाही, म्हणून गाडी सारखी टिंगटिंग करत होती.

"तुझ्याहून जास्त टोकणारी भेटली मले," मी म्हणालो. तिनं माझ्या दंडावर चापट मारली.

एका वळणावर म्हातारी हात जोडून रस्त्यातच उभी होती. मागं कौलारू घर, आणि अंगणाला टेकलेलं पाणी. मी थांबलो तशी ती मंजुषाच्या खिडकीशी आली.

"माय, सवाष्ण हायेस ना तू? माही सून गेली. तिच्या नावाचं पान वाढलं हाय, पन सवाष्ण कोनी येऊन नाई राह्यली. दोन घास खाऊन जाय."

आमच्याकडं या दिवशी गेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस बसवून जेवू घालतात. नवऱ्याआधी बाई गेली असेल, तर सवाष्ण बसवायची. अशा जेवणाला नाही म्हणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलेलो. मंजुषा लगेच उतरली.

उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसेना. पुरणाचा आणि तुपाचा वास होता, आणि त्याखाली ओल्या गाळाचा. भिंतीशी एक तरुण माणूस गुडघ्यांत मान घालून बसला होता. तो म्हातारीचा मुलगा. पळसाच्या पत्रावळीवर पुरणपोळी, वडे, कढी, चिंचवणी. मला कोणी बस म्हटलं नाही. मी दारातच उभा राहिलो. मंजुषा जेवत होती आणि म्हातारी तिच्या एकेका घासाकडं बघत होती.

"पोट भरलं, माय?"

"भरलं."

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक बाई आली. केस ओले, पाय गाळानं भरलेले. तिनं वाकून मंजुषापुढची पत्रावळ उचलली. भिंतीजवळच्या माणसानं वर पाहिलं आणि तोंडावर हात दाबून तो रडायला लागला.

"आली वं माय... आली," म्हातारी तिला म्हणाली.

दुसरी सून असेल, असं मला वाटलं. मंजुषा "येते" म्हणाली, तर कोणी मान वळवून पाहिलंही नाही.

"कशी मानसं हायेत," गाडीत बसताना ती कुरकुरली. "जेवू घातलं, पन साधं कुंकूबी नाई लावलं."

बरंच पुढं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, गाडी गप्प होती. मंजुषानं पट्टा बांधलेला नव्हता.

"जरा उठून बस बरं..."

ती उठली, धपकन बसली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. गाडीतून आवाज नाही. ती हसली, मग तिचं हसू आपोआप थांबलं.

हिंगणीच्या टपरीवर मी दोन चहा सांगितले. "दुसरा कोनाले, भाऊ?" टपरीवाल्यानं विचारलं. मंजुषा माझ्या शेजारीच उभी होती. मी घरी फोन लावला, सुरभीनं घेतला.

"बाबा, आईले दे ना."

मंजुषा बोलत होती. माझ्या मनगटात नखं रुतवून लेकीला हाका मारत होती.

"बाबा... आई काऊन बोलून नाई राह्यली?"

मी गाडी वळवली. त्या घराचं दार आतून लावलेलं होतं आणि आत बांगड्या वाजत होत्या, कोणीतरी हसत होतं. मी दार बडवलं, शिव्या दिल्या, मग पाया पडतो म्हणालो.

म्हातारी फटीतून हळूच बोलली. "आमी लय वर्सं वाट पायली, बाप्पा. तुमच्याबी घरी येईनच ना अक्षय तृतीया..."

पोलीस झाले, धरणात गळ टाकून झाले. मंजुषा घरातच आहे. मला दिसते, दुसऱ्या कोणाला दिसत नाही. मी दार उघडल्याशिवाय तिला खोलीबाहेर पडता येत नाही. सुरभी झोपेत रडते तेव्हा ती उशाशी बसून थोपटते, आणि सुरभी रडतच राहते. मला ते बघवत नाही. सुरुवातीला मंजुषा माझ्याशी बोलायची. आता बोलत नाही.

आज पुन्हा अक्षय तृतीया. "वर्स झालं, भूपेंद्र," आई सकाळी म्हणाली. "आता तरी तिचं पान वाढू दे." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. सवाष्ण म्हणून आईनं खाली भाड्यानं राहणाऱ्या मोहिनीला बोलावलं. तिचं लग्न माघात झालंय. पोर हसतमुख आहे, सुरभीच्या वेण्या घालून देते.

ती न्हाऊन, हिरवी साडी नेसून आली.

"भाऊजी, कुठी बसू?"

पाटावर मंजुषा बसलेली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, उठली आणि पाट मोकळा करून दिला. सुरभी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ओरडून मोहिनीला बाहेर काढावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

"इथंच बस," मी म्हणालो.

मोहिनीनं दोन घास खाल्ले आणि दंड चोळले. "बाप्पा! भर उन्हाळ्यात इतकं गार काऊन लागून राह्यलं?"

मी उठलो आणि पंखा बंद केला.