उघडी राहिलेली डिस्क

काटेसाहेब कॉम्प्युटर पिशवीत घालून दुकानात शिरले, तेव्हा दुकानदाराला वाटलं, माणूस जेवणाचा डबा घेऊन आलाय. कॉम्प्युटर तसा डब्याएवढाच होता. चौकोनी, तळहातावर मावणारा, पडद्याच्या पाठीला चिकटवून ठेवायचा. घर लहान आणि टेबल त्याहून लहान, म्हणून घेतलेला. त्यात सगळं होतं, फक्त डिस्क घालायला जागा नव्हती.

"बाहेरून जोडायचा ड्राइव्ह दाखवा," काटेसाहेब म्हणाले. "डिस्कवर लिहिणारा. पण मी इथं लावून बघणार, मगच घेणार."

बाजारातले वजनकाटे तपासून त्यांच्यावर शिक्का मारायचा, ही त्यांची नोकरी. सगळा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायचा, आणि आता घरीही कोणी दुसऱ्या नावानं हाक मारत नव्हतं. स्वतःच्या घरातलं दुधाचं मापसुद्धा हे दरसाल तपासतात, अशी कचेरीत त्यांची थट्टा चाले. थट्टा कसली, ते खरंच तपासायचे.

दुकानदारानं आधी एक पातळ, देखणा ड्राइव्ह पुढे केला. त्याला वेगळी वीज नको, कॉम्प्युटरकडूनच घेतो, म्हणाला. काटेसाहेबांनी जोडला. ड्राइव्हनं दोनदा टकटक केलं आणि मान टाकली.

"पोटाला पुरत नाहीये त्याला," काटेसाहेब म्हणाले. "डब्यात तेवढा जोर नाही."

"दोन शेपटांची वायर देतो. दोन्हीकडून खाईल."

"मग कीबोर्ड कुठे लावू, कपाळावर?"

दुकानदार हसला. मग त्यानं मागच्या फळीवरून एक जाडजूड, पत्र्याच्या कवचाचा ड्राइव्ह काढला. वापरलेला होता, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून आलेला, पण त्याची वीज त्याची स्वतःची होती. तो पहिल्याच झटक्यात फिरायला लागला आणि एका लयीत फिरत राहिला. काटेसाहेबांनी कान लावून ऐकलं, दोन कोऱ्या डिस्क लिहून पाहिल्या, वाचून पाहिल्या, आणि पसंतीची मान हलवली.

"एक सांगतो साहेब," पिशवी भरताना दुकानदार म्हणाला. "लिहून झालं की डिस्क बंद करायची. प्रोग्रॅम विचारतो तसं. उघडी ठेवू नका."

"उघडी ठेवली तर?"

"तर काय, जागा आहे तोवर तिच्यावर आणखी लिहिता येतं."

म्हणजे फायदाच की, काटेसाहेबांच्या मनात आलं. ह्याला चार डिस्क जास्त खपवायच्या असणार.

आता एवढी उठाठेव कशासाठी, तर आवाजासाठी. काटेसाहेबांची बायको टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं काम करायची. दिवसभर बोलून घरी यायची आणि घरी आल्यावर खऱ्या अर्थानं बोलायला लागायची. तिच्या बोलण्यापुढे रेडिओ लावायची सोय नव्हती. मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांत तिनं बसून आपला आवाज भरून ठेवला. आकडे, वारांची नावं, साधी वाक्यं, मुलीसाठी चार गोष्टी. पुढे एक यंत्र मिळणार होतं. तिनं शब्द टाइप केले की यंत्रानं ते तिच्याच आवाजात बोलायचे. त्या यंत्राला हा भरलेला आवाज लागणार होता. तो गेला असता तर दुसरा कुठून आणणार होते?

आणि काटेसाहेबांचं तोंड एकदा दुधानं पोळलेलं होतं. मागच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क एका दुपारी खर्रकन वाजली आणि मुलीच्या बाळपणाचे सगळे फोटो घेऊन गेली. त्यामुळे आता त्यांना अशी वस्तू हवी होती, जिच्यावर एकदा कोरलेलं पुसता येत नाही.

घरी येऊन त्यांनी आवाज डिस्कवर उतरवला. मग आपल्या सवयीप्रमाणे एकेक फाइल मुळाशी ताडून पाहिली. कणाचाही फरक नव्हता. शेवटी प्रोग्रॅमनं विचारलं, डिस्क बंद करू का? डिस्क जेमतेम तिसरा हिस्सा भरली होती. मुलीचे नवे फोटो पुढे ह्यातच बसतील, असा हिशोब करून काटेसाहेबांनी 'नको' म्हटलं आणि डिस्क आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली.

घर हळूहळू शांततेला सरावलं. बायकोच्या गळ्याशी आता श्वासाचं छोटं भोक होतं, त्यावर ती रुमाल बांधायची. एक पांढरी पाटी गळ्यात असायची, तिच्यावर लिहायची. हाक मारायची तर टाळी वाजवायची. मुलगी दुसरीत होती. जागच्या जागी गरगर फिरत राहायची म्हणून तिला भिंगरी म्हणत. तिनं आईच्या ओठांवरचं वाचायला सगळ्यांच्या आधी शिकून घेतलं. पोरांचं बरं असतं.

काट्यांची असते तशी डिस्कचीही फेरतपासणी करायची, असं काटेसाहेबांनी ठरवलं होतं. पहिल्या तपासणीला यादीत एक फाइल जास्त निघाली. त्यांनी हेडफोन लावला.

"भिंगरे, दप्तराचा पट्टा उसवलाय गं. शाळेतून आलीस की दे, शिवून ठेवते."

बायकोचाच आवाज, शेवटचा शब्द किंचित ओढायची तिची लकब धरून. काटेसाहेब हसले आणि मग हसता हसता थांबले. पट्टा ह्याच आठवड्यात उसवला होता. दप्तर तर ऑपरेशननंतर घेतलेलं.

पुढच्या खेपेला दोन नव्या फाइल होत्या. "दूध ठेवलंय, लक्ष असू द्या. तुमचं लक्ष असतं कुठे हो?" आणि दूध खरंच उतू गेलं होतं. ओटा पुसताना बायको ओठांनी काहीतरी पुटपुटली होती, आणि काटेसाहेबांना ते कळलं नव्हतं.

माणूस मुलखाचा संशयी. त्यांनी ड्राइव्हची वायर काढून ठेवली. कपाटाची किल्ली खिशात बाळगली. डिस्क कचेरीत नेऊन सोन्याचे काटे तपासायच्या तराजूवर तोलली. वजन जसंच्या तसं होतं. तरी दर वेळी लावली की काहीतरी नवं असायचंच.

खरं सांगायचं तर, त्यांना ते हवंहवंसं वाटू लागलं होतं. बायकोला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. ती बाजारात गेली की ते कपाट उघडायचे आणि कानात ती बोलायची. दिवा तसाच राहिलाय. नखं कापा. भिंगरीला ताप असल्यासारखं वाटतंय, हात लावून बघा बरं. ऐकताना काटेसाहेबांचे डोळे भरून यायचे. एवढी आठवण त्यांना तिची कधी आली नव्हती, आणि ती तर घरातच होती.

मग एका दुपारी कानातली ती म्हणाली, "अहो, ही बाई कोण?"

काटेसाहेबांनी फाइल पुन्हा लावली.

"सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात असते. माझे कपडे घालते. तोंड हलवते, पण शब्द नाही. तिच्या गळ्याला भोक आहे हो. तुम्ही तिला काही विचारत का नाही?"

दुसरी फाइल त्याहून लहान होती.

"भिंगरी तिच्या कुशीत झोपते. मला बघवत नाही."

डिस्क मोडून टाकावी, हा विचार त्यांच्याही मनात आला. पण मोडण्याआधी मूळ जागच्या जागी आहे ना, हे बघितल्याशिवाय मोडतील ते काटेसाहेब कसले! त्यांनी कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइल उघडल्या. सगळ्या होत्या. लांबी तीच, तारीख तीच. आत मात्र काहीच नव्हतं. आकडे नाहीत, वार नाहीत, गोष्टी नाहीत. एकामागून एक त्यांनी सगळ्या लावल्या आणि सगळ्यांत तीच शांतता ऐकली.

म्हणजे तिचा आवाज आता फक्त त्या डिस्कवर होता. खात्रीसाठी त्यांनी डिस्कवरची ती बाईची फाइल पुन्हा लावली.

खांद्यावर हात पडला तसे ते दचकले. बायको बाजारातून कधी परतली, कळलंच नव्हतं. तिनं त्यांचा चेहरा बघितला. हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. काटेसाहेबांनी हात पुढे केला, पण उशीर झाला होता.

ती उभ्यानं ऐकत राहिली. पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. काही झालं तरी स्वतःचा आवाज होता तो. मग तो चेहरा हळूहळू उतरला, आणि तिचा हात गळ्याच्या रुमालाकडे गेला.

तिनं पाटीवर लिहिलं, 'मी हे कधी बोलले?'

"माहीत नाही," काटेसाहेब म्हणाले.

'मोडा.'

"अगं, दुसरं काही उरलं नाहीये. मूळ सगळं गेलं. यंत्राला काय देणार? तुझा आवाज आहे तो."

तिनं पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माझा नाही.' खाली पुन्हा, 'मोडा.'

काटेसाहेबांनी मान डोलावली. आणि ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या मापातलं पाप शोधलं, त्यानं त्या संध्याकाळी स्वतःच्या घरात मापात पाप केलं. एक कोरी डिस्क घेतली, मोडली आणि तुकडे बायकोच्या पुढ्यात ठेवले. तिनं ते हातात घेऊन पाहिले, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्याकडे बघून हसली. ते हसू काटेसाहेबांना सोसवेना. पण यंत्र मिळालं, ती पुन्हा बोलायला लागली, की सगळं सांगून टाकू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

रविवारी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा त्यांनी खरी डिस्क बाहेर काढली. दुकानदाराचं म्हणणं आता पटलं होतं. बंद केली की नवं काही लिहिता येणार नाही, जुनं सुखरूप राहील. साप मरेल आणि काठीही शाबूत राहील.

प्रोग्रॅमनं विचारलं, डिस्क बंद करू का?

त्यांनी 'हो' म्हटलं.

ड्राइव्ह फिरू लागला. इतका वेळ तो कधीच फिरला नव्हता. पत्र्याचं कवच तापलं. मग फिरणं थांबलं आणि पडद्यावर आलं, डिस्क बंद झाली.

त्यांनी यादी पाहिली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या फाइल होत्या, तेवढ्याच. पट्टा नव्हता, दूध नव्हतं, ती बाई कोण हेही नव्हतं. एक फाइल लावली. "सोमवार, मंगळवार, बुधवार," बायको शांतपणे म्हणत होती.

काटेसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. ड्राइव्हची वायर उपटली आणि डिस्क कपाटात टाकून कुलूप लावलं.

दुपारी जेवणं झाली. बाहेरच्या खोलीत ऊन आलं होतं. बायको टेबलापाशी बसून भिंगरीच्या फ्रॉकला बटण लावत होती. भिंगरी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. काटेसाहेब पेपर वाचत होते. तिघंही बाहेरच्या खोलीत होती.

"भिंगरे, इकडे ये गं जरा."

आतल्या खोलीतून हाक आली. स्पष्ट. शेवटचा शब्द किंचित ओढलेला.

बायकोच्या हातातली सुई थांबली. तिनं दाराकडे पाहिलं नाही. तिनं काटेसाहेबांकडे पाहिलं. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं.

"आले गं आई," भिंगरी म्हणाली. सवयच ती. रंगाची कांडी ठेवून उठलीसुद्धा.

बायकोनं तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, गळ्यावरचा रुमाल आत ओढला गेला आणि फडफडला. सगळा जीव एकवटून ती ओरडत होती. खोलीत काहीच ऐकू आलं नाही.

तिनं टाळ्या वाजवल्या. भिंगरीची पाठ होती. आई आतून बोलावतेय, म्हणजे टाळ्या बाबाच्या. बाबा नेहमी चिडवतो. ती हसली आणि मागं न बघता उंबरा ओलांडून गेली.

काटेसाहेब खुर्ची उलटवून धावले. "भिंगरी!" त्यांनी हाक मारली. "जाऊ नको! आई इथं आहे!"

"आले, आले," आतून भिंगरी कोणाला तरी सांगत होती.

"शहाणी गं माझी," आवाज म्हणाला. "आता दार लाव."

सांगितलेलं ऐकणारी पोर. तिनं लावलं.