वाकडीचा वाटा

माणूस कोण, हे ठरवायला आता सरकारचं एक खातंच होतं. माणसाला माणसासारखं वागवायला कुणाला सवड नव्हती, पण शिक्का, गाडी आणि साहेब यांची सोय मात्र झाली होती. खात्याचं नाव व्यक्तिमान खातं. ज्या जनावराला स्वतःची ओळख आहे, कालचं आठवतं आणि उद्यासाठी काही मागता येतं, ते 'व्यक्तिमान'. त्याला कुणी विकायचं नाही, कोंडायचं नाही. बाकीच्यांचं काहीही करा.

हे खातं त्या सकाळी सुरंगवाडीच्या किनाऱ्यावर येऊन उभं राहिलं. समोर पाण्यात जनावरांचे खेळ करणाऱ्या एका कंपनीची बोट होती, तिच्यावर भलीमोठी टाकी. आज शिक्का पडला नाही, तर वाकडी आणि तिचा सगळा कळप त्या टाकीतून शहरात जाणार होता. तिकडे चेंडू उडवायचा, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि यांनी मरेपर्यंत निळ्या भिंतींना धडका द्यायच्या.

वाकडी म्हणजे पाठीवरचा पर एका बाजूला कललेली डॉल्फिन. सुरंगवाडीच्या रापणीची ती अर्धी ताकद होती. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे आणि साऱ्या वाडीनं मिळून ओढायचे, ही रापण. वाकडीचा कळप बाहेरून मासळी हाकत जाळ्यात घालायचा. त्याबद्दल त्यांना मिळायची टाकाऊ मासळी. कुत्र्यासमोर टाकावी तशी.

हे मनोरमा कुबलला सलत होतं. नवरा गेल्यापासून रापणीची सूत्रं तिच्या हाती होती आणि तोंडानं ती साऱ्या वाडीला पुरून उरायची.

"बाई, परत एकदा सांगा," ती डॉक्टर ठोसरांना म्हणाली. "ती एकमेकांक नाव घेवन हाक मारतत?"

"हो. प्रत्येक डॉल्फिनची शीळ वेगळी. तेच तिचं नाव. दुसऱ्यानं ती शीळ घातली, की ती ओ देते." ठोसर बाई डॉल्फिनच्या अभ्यासासाठी पाच वर्षं या किनाऱ्यावर राहत होत्या. पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या पेटीकडे त्यांनी बोट दाखवलं. "सादयंत्र शिळा ऐकतं आणि आपल्या बोलीत उलगडतं. आपलं बोलणं त्यांच्या शिळेत घालतं. त्याला आवाज तुमचाच दिलाय."

"माझो? कित्याक?"

"पाच वर्षांत सगळ्यात जास्त बोललं कोण?"

बाया खो खो हसल्या. मनोरमा हसली नाही. "मगे साहेबाक सांगा, मार शिक्को."

"माझ्या दाखल्यानं भागत नाही. कायद्यात अट आहे. एखाद्या मनुष्यसमूहानं स्वतःच्या रिवाजानं तिला आपल्यातलं मानलेलं असलं पाहिजे."

मनोरमा रापणीचे दोर ओढणाऱ्यांकडे वळून ओरडली, "आयकलात? वाकडीक वाटो देव या!"

रापणीचा रिवाज जुना होता. दोराला हात लागला, की वाटा. म्हातारा असो, विधवा असो, सहज आलेला पाहुणा असो. ज्याला वाटा तो रापणकर, आणि रापणकर म्हणजे बैठकीत बोलण्याचा मान.

"वैनी, वायच शुद्धीर येवा," तिचा दीर सगुण म्हणाला. "दोराक हात लावूक होयो. तिका हात खय आसत?"

"तुका आसत मां? मगे मघापासून बिडी कित्याक धरलंस त्या हातात?"

"जनावर ता! बैठकीत येवन बसतला? पान खातला?"

"तुझ्यापेक्षा बरा बोलतला."

खात्याच्या गोगावले साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बाई, रिवाज म्हणजे रिवाज. हात लागला नाही, तर मी काही करू शकत नाही."

मनोरमा गुडघाभर पाण्यात शिरली आणि पेटीवर वाकली. "वाकडे, दोर धर. लोक बघतत. आताच धर."

जाळं जवळ आलं होतं, पाणी उथळ झालं होतं. वाकडी लाटेबरोबर सरळ किनाऱ्याकडे सुटली. दोराचं भिजलेलं टोक तिनं दातांत पकडलं आणि तशीच वाळूवर चढली. अर्धं अंग बाहेर, पोट खरचटलेलं, शेपटी आपटत. पण दोर सोडला नाही. ओढत राहिली.

सगुणच पुढं धावला. बिडी फेकली आणि दोन्ही हातांनी तिला पाण्यात ढकलू लागला. "सोड गो, सोड आता! मरशीत! वाटो घे, पण सोड!"

तेवढं पुरे झालं. रापणीनं वाटा कबूल केला. गोगावल्यांनी वाकडीच्या नावानं शिक्का मारला; तिच्याबरोबर तिचा कळपही सुटला. वाडीनं असा गलका केला, की टाकीवाल्या बोटीवरचे लोक उठून उभे राहिले.

कंपनीचा माणूस पाण्यातून किनाऱ्यावर आला. "ठीक आहे साहेब. पण टाकी रिकामी नाही न्यायची. खाडीच्या तोंडाशी ते बिनपराचे बुटके आहेत, डॉल्फिनच्याच जातकुळीतले. त्यांना शिक्का नाही ना?"

"नाही," ठोसर बाई हळूच म्हणाल्या. "ते शीळ घालत नाहीत. नुसत्या बारीक टिचक्या, माणसाच्या कानापलीकडच्या. माझ्या यंत्राला त्या ऐकूच येत नाहीत. म्हणून काही ते मुके नाहीत."

"तुमच्या म्हणण्यावर शिक्का पडत नाही, बाई," गोगावले म्हणाले. "पण या पाण्यात आता एक व्यक्तिमान राहते. तिची हरकत विचारणं बंधनकारक आहे." त्यांनी पेटीकडे तोंड केलं. "ते बुटके नेले तर चालेल?"

पाण्यातून शिळा आल्या. पेटी बोलली, मनोरमेच्याच आवाजात.

"ते बोलनत नाय. ते मासे. घेवन जावा."

मनोरमेला वाटलं, यंत्र बिघडलं. तिनं ठोसरांकडे पाहिलं. ठोसरांनी मान हलवली. यंत्र ठीक होतं.

"अगो," मनोरमा पेटीवर ओणवी झाली, "त्येंका पिल्लां आसत. आयशीच्या पाठीर बसान फिरतत, मी बघलंय. त्येंकाय वाटो देव या. उद्या दोर त्येंच्या तोंडात देव या. तू शिकव त्येंका!"

वाकडीनं एकच शीळ घातली, पेटी बोलली.

"मगे माझ्या वाट्याक काय रवतला?"

तिचाच आवाज, तिचाच ठसका. बाया आता हसल्या नाहीत. बोटीवर टाकीचं झाकण उघडल्याचा खणखणाट झाला.

"इतक्या बेगीन माणूस झालंस गो?" मनोरमा म्हणाली.

तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला आणि सगुणला हाक मारली. "होडी काढ. दोर घे. टाकीच्या आदी खाडीच्या तोंडार जावचा आसा."

"वैनी, वाकडी रापणकर आसा आता. ती नको म्हणता."

"म्हणू दे. बैठकीत भांडान तिच्याशी. पयली होडी काढ."