हात आवरून

सदुसष्टाव्या वर्षी पाठीवर पिशवी टाकून अठ्ठावीस दिवसांच्या यात्रेला पायी निघणारा माणूस एकतर भाविक असतो, नाहीतर मूर्ख. मी सुतार. देवाशी माझं कधी फारसं जमलं नाही. मला धाकट्या भावाला गाठायचं होतं.

अकरा वर्षांपूर्वी, आमच्याच कारखान्यात, त्यानं दाराची चौकट दोन सूत आखूड कापली म्हणून मी त्याच्या तोंडावर लाकडी हातोडा हाणला होता. दोन दात भुशात पडले. त्यानं ते उचलले, खिशात घातले आणि गेला. लहानपणापासून मी त्याला बदडत आलो. तो उलटून बोलायचा नाही, याचाच मला जास्त संताप यायचा. दात पडले त्या दिवसापासून अबोला. आता त्याच्या मुलीचा फोन आला. "मोठे काका, बाबा यात्रेला निघालेत. हृदय धड नाही, डॉक्टर नको म्हणाले, तरी गेले. शेवटच्या मुक्कामी तुमची वाट बघणार म्हणालेत."

मला माफी मागायची होती. तोंडानं, त्याच्यासमोर. बस्स, तेवढंच.

तो दोन दिवस पुढे होता. चौथ्या दिवशी दुपारी मी चिखलात सपशेल आपटलो. उठलो आणि वाटेतल्या फाटकाला अशी लाथ घातली की फळी मोडली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

दोन दिवसांनी एका मुक्कामावरची बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"तुम्ही त्यांचे दादा ना? चेहरा तोच आहे. परवा दुपारी ते या पायरीवर बसले होते हो. एकदम कळवळून खाली पडले. बरगडी मोडली. म्हणाले, लाथ बसली. इथे तर मी एकटीच होते!"

"पडला असेल कुठेतरी," मी म्हणालो. "पहिल्यापासून धांदरट."

फडकं गुंडाळून तो पुढे गेला होता, पण हळू. अंतर कमी झालं.

बाराव्या दिवशी सकाळी चढावर काठी सटकली आणि माझा गुडघा फुटला. शिव्या घालत मी ती काठी खडकावर आपटून तिचे दोन तुकडे केले. दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामावर एका म्हाताऱ्यानं आपलं मनगट पुढे केलं.

"काल चहा घेत होते. इथून मोडलं. हाडाचा आवाज मी ऐकला."

"किती वाजता?"

"नवाच्या सुमारास. ओरडले नाहीत. 'दादा चढापाशी आला वाटतं,' एवढंच म्हणाले."

काठी मोडली तेव्हा नऊ वाजले होते.

मग मी हात आवरून चाललो. दारं हलकेच लावली. डास चावला तर चावू दिला. एका टारगटानं धक्का मारून "म्हाताऱ्या, घरी बस" म्हटलं, तर मी त्याला हात जोडले. मी! आणि पुढे प्रत्येक ठिकाणी उत्तर मिळत गेलं: ठीक होते, काही झालं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी शेवटचा मुक्काम आला.

"आत आहेत," मुक्काम सांभाळणारा माणूस म्हणाला. "सकाळपासून तुमचाच जप चाललाय. आत्ताच डोळा लागलाय."

मी दारातून पाहिलं. गळ्यात अडकवलेला हात, पांढरे केस, लहानपणी झोपायचा तसं उघडं तोंड. श्वास नीट चालला होता. मला रडू फुटलं. उठवावंसं वाटेना. उठला की बोलू, म्हणून बाहेरच्या बाकावर बसलो.

बाकाचा एक खिळा वर आला होता.

मी रागात नव्हतो. आईशपथ नव्हतो. इतका निवांत मी वर्षानुवर्षं नव्हतो. कुणीतरी येईल, बसेल, मांडी फाडून घेईल, एवढंच मनात आलं. पन्नास वर्षांत वर आलेला खिळा मी तसा सोडलेला नाही. हात आपोआप खाली गेला. दगड उचलला.

पहिल्या ठोक्याला आत खाट करकरली.

ऐकलं मी. पण सुतार अर्धा खिळा सोडत नाही. हात चालूच होता.

दुसरा.

तिसरा.

सांभाळणारा ओरडत बाहेर आला. कपाळाच्या मधोमध बोट टेकवून मला काहीतरी सांगत होता.

मी खिळ्यावरून अंगठा फिरवला. फळीत अगदी सपाट बसला होता, आणि कोमट होता.