अकरा जणांचा एकच ईमेल

"मयूर, पाण्याच्या बाटल्या तीन घेऊ की चार?"

"चार घे, ताई! फ्लॉयड एकटा दोन संपवतो!"

दहा वाजता शीवच्या किल्ल्यावर जायचं पक्कं ठरलं होतं. अनुजा, तिचा धाकटा भाऊ मयूर आणि शेजारच्या इमारतीतला फ्लॉयड अशी तिघांची पलटण तयार होती. पण निघायच्या आधी अनुजाला गावाच्या खोलीतलं काम उरकायचं होतं.

डिलाईल रोडवरच्या त्यांच्या चाळीत तळमजल्याला आंबेखोल गावाची खोली होती. नोकरीसाठी मुंबईत आलेले गावचे अकरा जण तिथं राहायचे. त्यांचं सगळं सामाईक. माठ एक, इस्त्री एक, दाढीचा आरसा एक. आणि ईमेलसुद्धा एकच! हसू नका. बँकेच्या फॉर्मवर ईमेलचा रकाना आला, की जो तो राहायचा पत्ता म्हणून खोलीचा पत्ता द्यायचा आणि ईमेल म्हणून खोलीचाच ईमेल! त्यामुळे अकरा जणांची बँकेची पत्रं खोलीच्या एका जुन्या फोनवर येऊन पडत. खोलीप्रमुख लवूआजोबांना बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून सुट्टीत अनुजा मेल मोठ्यानं वाचायची आणि मयूर वहीत लिहायचा, कोणती मेल कोणाची.

त्या सकाळी तिनं पहिलीच मेल वाचली.

"प्रिय ग्राहक, आपल्या खात्याची माहिती अपुरी आहे. आज दुपारी बारापर्यंत खालील लिंकवर माहिती भरावी. अन्यथा आपले खाते गोठवण्यात येईल. सागरतीर बँक."

"आज बारापर्यंत?" आरशासमोरून कोंडीराममामा ओरडले. त्यांच्या एका गालावर अजून साबण होता. "आज दुसरा शनिवार! बँक बंद! आता कोणाला विचारू? सोमवारी दर्शनाची फी भरायचीय गं!"

दर्शना ही त्यांची मुलगी. गावाकडे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात वर्गात पहिली आली होती. तिच्या फीसाठी मामांनी वर्षभर वॉचमनची दुहेरी ड्युटी केली होती. हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

"मामा, घाबरू नका. मी उघडून देते," अनुजा म्हणाली आणि तिनं स्वतः लिंक उघडून दिली!

मामांनी खाते क्रमांक भरला, कार्डाचा नंबर भरला, पिनसुद्धा भरला. मग पडद्यावर आलं, 'आपल्या मोबाईलवर सहा आकडी कोड येईल. आमचे अधिकारी फोन करतील, त्यांना तो सांगा.'

"मोबाईल तर लालबागला दुरुस्तीला टाकलाय!" असं म्हणत मामांनी गाल कसाबसा पुसला, सदरा अडकवला आणि ते धावतच निघाले.

मयूर पेन घेऊन तसाच बसला होता. "ताई, कोणाचं नाव लिहू?"

"कोंडीराममामांचं लिही ना."

"पण मेलमध्ये त्यांचं नाव कुठंय?"

"अरे, सागरतीर बँकेची..." अनुजा थांबली. त्या बँकेत खोलीतल्या आठ जणांची खाती होती. मग यांतल्या कोणाची मेल होती ही? तिनं भराभर जुन्या मेल उघडल्या. बँकेच्या प्रत्येक मेलवर खातेदाराचं पूर्ण नाव होतं. त्यावरूनच तर मयूर वही भरायचा! आणि ह्या एकाच मेलवर नाव नव्हतं.

एवढ्यात लवूआजोबा टोपी घालून उठले. "मी पण लालबागाक जातंय. माझा खाता बंद झाला तर?"

"आजोबा, तुमचं खातं सागरतीर बँकेत आहे?"

"नाय गो! माझा खाता पोस्टात आसा!"

एरवी मयूर पोट धरून हसला असता. आज कोणालाच हसू आलं नाही. ज्यांचं त्या बँकेत खातंच नाही, तेसुद्धा घाबरले होते!

दारात फ्लॉयड उभा होता, टोपी उलटी घालून. "काय रे, चलायचं ना?" अनुजानं त्याला एका दमात सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"पिन मागितला? अगं, मम्मीच्या ऑफिसात खास मीटिंग घेऊन सांगितलं होतं. बँक पिन कधीच मागत नाही. कोड तर नाहीच नाही! ही मेल चोरांची आहे, अनुजा!"

"आणि लिंक मी उघडून दिली," अनुजा म्हणाली.

"ते नंतर! कोड अजून त्यांना मिळालेला नाही. पळ!"

सगळ्यांची पासबुकं लवूआजोबांच्या कपाटात असत. अनुजानं मामांचं पासबुक उचललं. त्यावर बँकेचा खरा नंबर छापलेला होता. मयूरला आजोबांजवळ ठेवून दोघं सुटले. करी रोडच्या पुलावर हातगाड्यांची ही गर्दी! एका टेम्पोवाल्यानं शिव्या घातल्या, फ्लॉयडची चप्पल तुटली. ती हातात घेऊन तो पळत राहिला. अनुजाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, सोमवारी कॉलेजच्या खिडकीवरून रिकाम्या हातानं परतणारी दर्शना.

दुकानापाशी मामा फोन कानाला लावून, अगदी अदबीनं वाकून उभे होते.

"हो साहेब, कोड आलाय. सांगतो ना. चार... सात..."

"मामा, नका सांगू!"

"गप गं! बँकेचे साहेब आहेत!"

फ्लॉयडनं उडीच मारली, फोन हिसकावला आणि बंद केला.

"ए! दादागिरी करतो काय?" दुकानदार खेकसला. मामांचा चेहरा लालबुंद झाला. "काय केलंस हे? खातं बंद झालं तर पोरीला काय तोंड दाखवू?"

फोन पुन्हा वाजला. पुन्हा वाजला.

"मामा, ती मेल बँकेची नाही," अनुजा धापा टाकत म्हणाली. "तिच्यावर तुमचं नावच नाही. कोणाचंच नाही! मी न बघता वाचली, लिंकही मीच दिली. माझं चुकलं. पण आता ह्या नंबरावर फोन करा, हा तुमच्या पासबुकावरचा आहे. मग मला हवं तेवढं रागवा!"

मामांनी पासबुकाकडे पाहिलं, मग वाजणाऱ्या फोनकडे. त्यांनी तो कॉल कापला आणि पासबुकावरचा नंबर लावला.

पलीकडच्या बाईंनी मामांचं नाव विचारलं, फीचंही ऐकून घेतलं आणि खातं तपासलं. आवाज दुकानदारालाही ऐकू येत होता. "गेल्या दहा मिनिटांत दोनदा सगळी रक्कम काढायचा प्रयत्न झालाय. कोड न मिळाल्यामुळे पैसे वाचले. मी कार्ड आत्ताच बंद करते. सोमवारी शाखेत या, फीचे पैसे तिथून पाठवता येतील. आणि सायबर चोरीच्या एकोणीसशे तीस नंबरवर तक्रार नोंदवा."

मामा मटकन स्टुलावर बसले. दुकानदारानं न सांगता त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

परतल्यावर चाळीच्या दारात ते म्हणाले, "खोलीत कोणाला बोलू नका रे. शोभा होईल." मुलांनी मान हलवली. पण ती मेल खोलीच्या फोनवर अजून होती, आणि त्या बँकेत खातं असलेले आणखी सात जण संध्याकाळी कामावरून येणार होते. अनुजाला दुपारचं जेवण गेलं नाही.

संध्याकाळी सगळे जमले, चहा झाला आणि कोंडीराममामा आपण होऊन उभे राहिले.

"आज मी चोराला पिन दिला," ते म्हणाले. "कोडही देत होतो. ह्या पोरांनी थांबवलं." मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. कोणीच हसलं नाही. दोघांनी कबूल केलं, की ती मेल दिसली असती तर त्यांनीही ती लिंक उघडली असती.

लवूआजोबांनी मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "चाळीस वर्षां खोली सांभाळतंय. कुलूप कधी विसरलंय नाय. पण आज चोर फोनातून इलो आणि माका काय्येक कळला नाय. तुमच्यामुळे खोली वाचली रे! उद्यापासून प्रत्येकाचो ईमेल वेगळो. आणि तो करूक अनुजाच शिकवतली!"

"पण चूक माझीच..." अनुजा पुटपुटली.

"तू मेल वाचलीस, माहिती भरली मी," मामा म्हणाले. "आणि पळत आलीस तूच."

त्यांनी गावी फोन लावला. "दर्शना, फी सोमवारी भरतोय. आणि ऐक बाय, आज तुझा बाप फसता फसता वाचला."

खोली कान देऊन ऐकत होती.

"बाबा," पलीकडून आवाज आला, "तुम्ही बरे आहात ना? फीचं राहू दे. तुम्ही जेवलात का?"

मामांनी फोन अनुजाच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला आणि सकाळपासून दाबून धरलेलं रडू तिला आवरलं नाही.