पूनमचा ग्लास

सणसवाडीच्या खानावळीत दुपारी एकच खुर्ची रिकामी होती. समोर एक मुलगी जेवत होती. मी केंदूरहून एका कंपनीच्या पूजेला शेवंती पोचवून आलो होतो.

बसताच तिनं माझा ग्लास भरला. मी प्यालो. तिनं पुन्हा भरला. तिसऱ्यांदा तिनं जग उचलला तेव्हा मी म्हणालो, "ओ मॅडम, मी काय उंट हाय व्हय?"

ती हसली. "माझा कोरडाच आहे, दिसला नाही?"

"मग घ्या की भरून."

"कोरियात जेवताना आपला ग्लास आपण भरत नाही. समोरच्यानं भरायचा."

ती केडगावची पूनम. कोरियन कंपनीत दुभाषी होती, कोरियाचा इतिहास शिकत होती.

"आन् समोरच्यानं न्हाईच भरला तर?"

"तर... तहानलेलं राहायचं."

मी जग घेतला. तिच्याकडंच बघत ओतलं, पाणी तिच्या आमटीत सांडलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तिखटच होती."

मग फुलं नसली तरी मी सणसवाडीला जाऊ लागलो.

आठ महिन्यांनी तिला सोलच्या विद्यापीठात पीएचडीला जागा मिळाली. चार वर्षं. त्या दिवशी ती जेवली नाही. "तुम्ही थांब म्हणालात, तर—"

थांब म्हणायचंच होतं. वाटभर तेच घोकत आलो होतो. पण तिकडच्या जुन्या राजांबद्दल बोलताना तिचा चेहरा कसा उजळायचा, ते मी पाहिलं होतं.

"जावा," मी म्हणालो. "पर तिकडं कुणाला ग्लास भरू देऊ नका."

"आणि तहान लागली तर?"

"नळाला तोंड लावा."

ती हसता हसता रडली.

चार वर्षांनी ती विमानतळावरून थेट खानावळीत आली, बॅगेसकट. रिकामा ग्लास माझ्यापुढं सरकवला. त्याच वर्षी आमचं लग्न झालं.

तेरा वर्षं तिनं पुण्यात कोरियाचा इतिहास आणि आजचा कोरिया शिकवला. गेल्या थंडीत ती कायमची गेली. तेव्हापासून मी तांब्यानंच पाणी पितो.

रविवारी तिची विद्यार्थिनी करिश्मा घरी आली. तीही आता सोलला निघालीय. पाहुणी म्हणून मी जग काढला. जेवायला बसताच तिनं माझा ग्लास भरला... आणि आपला रिकामा ठेवून थांबली.

मी जग उचलला.

"मामा, आमटीत सांडतंय—"

"असू दे, पोरी. तिखटच झालीय."