एस्केपनंतरचा क्षण

प्रमिला साळवी नवऱ्याची खोली सोडून दिवसभर पडवीत बसायच्या, त्या नवऱ्याच्याच हुकमावरून. निदान पडद्यावर तरी तसं दिसे. पक्षाघातानंतर विश्राम साळवींच्या कपाळावर चेतापट्टी बसवली होती. मनात एखादी कळ दाबायचा विचार आला की पट्टी त्या कळीच्या खुणा पडद्याकडे पाठवी. पडदा साधा, नुसत्या अक्षरांचा. वरचा बाण म्हणजे 'हो', एस्केपची कळ म्हणजे 'नको'.

"जवळ बसू का, असं रोज विचारते," प्रमिलाकाकू पट्टी तपासायला आलेल्या ऋजुताला म्हणाल्या. "रोज नको. भरवू का? नको. माझं तोंडच नको झालंय ह्यांना. म्हणून आज रुग्ण सांभाळणाऱ्या सेवाकेंद्राची गाडी येतेय ह्यांना न्यायला. त्याआधी पट्टी तपासून दे बाई, तिथं बिघडायला नको."

पडद्याचा प्रोग्राम ऋजुतानेच लिहिला होता. आता तो अशा कितीतरी रुग्णांच्या घरी चालत होता आणि तिला त्याचा भलताच अभिमान होता. "काकू, विचारा बरं पुन्हा," ती म्हणाली.

काकूंनी नवऱ्याच्या खाटेशी जाऊन विचारलं. 'नको' उमटलं, आणि त्याच्यापुढे एक कंस आणि इंग्रजी ए.

"हे काय?"

"ते नेहमीच येतं. रागाने पुटपुटत असतील काहीतरी."

ऋजुताने ती दोन अक्षरं पुन्हा वाचली. वरच्या बाणाच्या कळीच्या तीन खुणा एकामागून एक येतात, एस्केप, कंस आणि ए; म्हणजे पहिली एस्केपचीच असते. म्हणून एस्केप आली की प्रोग्रामने क्षणभर थांबायचं, मागून आणखी काही येतंय का ते पाहायचं. तो क्षण तिनेच कापला होता. प्रात्यक्षिकाला साहेब मंडळी येणार होती, 'नको' झटकन दिसायला हवं होतं. चाचणी घेतली ती स्वतःच्याच धडधाकट डोक्यावर! थकलेल्या मेंदूच्या खुणा रेंगाळत येतात, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिने मुकाट्याने तो क्षण वाढवला. "आता विचारा."

'हो.' मग काकूंनी काही न विचारताच पुन्हा 'हो'.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पट्टी सैल झाली होती, असं म्हणून सुटता आलं असतं. ते वाक्य ऋजुताच्या ओठांवर आलंही, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

"काकू, ते नको म्हणतच नव्हते. मीच त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. चूक माझी आहे."

काकूंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. ऋजुताला मान वर करवेना.

"गाडी मी परत पाठवते," त्या म्हणाल्या. "पण तुझा हाच पडदा असलेल्या ज्या घरांच्या दारातून ती आधीच माणूस घेऊन गेली, त्यांना तू काय सांगणार आहेस?"